एकदा जिंकून भागलं नाही: तैमूर, तोख्तामिश आणि तेरेकची लढाई

तैमूर म्हटलं की आपल्याकडे लगेच १३९८ ची दिल्ली आठवते, आणि ते साहजिकच आहे, आपल्यावर बेतलेलं आपल्याला आधी आठवणार. पण त्याच्या अख्ख्या कारकिर्दीतली सगळ्यात अवघड केस कुठली असं मला विचाराल तर मी दिल्ली सांगणार नाही, अंकारा (जिथे त्यानं ऑटोमन सुलतानाला हरवलं) पण नाही, मी सांगेन तोख्तामिश. हा गोल्डन होर्डचा, म्हणजे व्होल्गाकाठच्या मंगोल राज्याचा, खान. त्याच्याशी तैमूर दोनदा समोरासमोर भिडला, १३९१ मध्ये आणि १३९५ मध्ये (ही तेरेक नदीवरची), आणि दोन्ही वेळा जिंकला. पहिला विजय चांगला दणदणीत होता तरी त्यातून काहीच निष्पन्न झालं नाही. दुसऱ्या वेळी तो स्वतः मरता मरता वाचला, आणि गोल्डन होर्ड मात्र त्यानंतर पुन्हा कधी धड उभं राहिलं नाही. असं का झालं तेच बघू.

आधी मॅप डोळ्यासमोर आणा. युक्रेनपासून मंगोलियापर्यंत हजारो किलोमीटर पसरलेला गवताचा पट्टा, शाळेत भूगोलात स्टेप म्हणून पाठ केला होता तो. झाडं कमी, पाऊस कमी, शेती जेमतेम, पण गवत अफाट, त्यामुळे तिथे संपत्ती म्हणजे घोडे आणि मेंढ्या, आणि जे पोर चालायला लागल्यापासून घोड्यावर बसतं त्याला मोठेपणी वेगळं लष्करी ट्रेनिंग फारसं लागत नाही. चंगेज खाननं याच लोकांना १०, १००, १,००० आणि १०,००० च्या तुकड्यांत बांधलं. तो १२२७ मध्ये गेला. त्याचा थोरला मुलगा जोची त्याच्याही आधी वारला होता, म्हणून पश्चिमेचा वाटा जोचीच्या मुलांना मिळाला आणि त्यातल्या बातूनं व्होल्गाच्या काठी जे राज्य उभं केलं ते गोल्डन होर्ड. मधला भाग, समरकंद-बुखारा वगैरे, चगताई या दुसऱ्या मुलाच्या वंशाकडे गेला. इराण पुढे नातू हुलागूनं घेतलं. सगळे एकाच आजोबाची लेकरं, आणि भाऊबंदकी काय चीज असते ते आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

आता होर्ड म्हटलं की आपल्या डोक्यात तंबू, घोडे आणि आरडाओरडा येतो. तंबू होतेच, खान स्वतः उन्हाळ्यात कळपांबरोबर फिरायचा, पण राज्य चालायचं ते शहरांच्या पैशावर. व्होल्गाच्या खालच्या टप्प्यात सराय नावाची राजधानी होती. इब्न बतूता १३३० च्या दशकात तिथे गेला होता, तो लिहितो की शहराची लांबी बघायची म्हणून आम्ही सकाळी घोड्यावर निघालो ते दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत दुपार टळून गेली होती, आणि शुक्रवारच्या नमाजाच्या १३ मशिदी मोजल्या. (हाच इब्न बतूता पुढे आपल्या दौलताबादलाही येऊन गेला, तिथल्या किल्ल्याबद्दलही त्यानं लिहून ठेवलंय.) काळ्या समुद्राच्या बाजूला काफामध्ये जिनोआचे व्यापारी, अझोवजवळच्या तानामध्ये व्हेनिसचे. तानाहून निघायचं, अस्त्राखान, सराय, मग उर्गेंच, मग ओत्रार आणि तसंच पुढे चीन. या रस्त्यावर रेशीम, मसाले, फर, गुलाम, सगळं चालायचं आणि प्रत्येक ठिकाणी खानाचा माणूस टॅक्स घ्यायला बसलेला. घोडे तर थेट हिंदुस्थानात यायचे. इब्न बतूताच म्हणतो की एकेका कळपात सहा हजारांच्या आसपास घोडे असायचे, तिथे मातीमोल भावात मिळणारा घोडा इकडे आणून विकला की व्यापाऱ्याची चांदी. शिवाय मॉस्को वगैरे रशियन संस्थानांकडून दरवर्षी खंडणी यायची ती वेगळी.

म्हणजे गंमत बघा, सैन्य गवतावर जगायचं पण राज्य शहरांवर. ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावर फिरणार आहे.

चौदाव्या शतकाच्या मध्यावर या मशीनला दोन दणके बसले. १३४० च्या दशकात प्लेग आला, त्यानं ही व्यापारी शहरं धुऊन काढली. मग १३५९ पासून गादीसाठी जी मारामारी सुरू झाली ती २० वर्षं चालली. कोण कधी खान झाला आणि कधी मेला याचा हिशोब ठेवता ठेवता इतिहासकारांचं डोकं फिरतं. पश्चिमेकडे ममाई नावाचा एक सरदार शिरजोर झाला, पण तो चंगेजच्या वंशातला नसल्यामुळे स्वतः खान होऊ शकत नव्हता, त्याला कुणी ना कुणी बाहुला समोर बसवावाच लागायचा.

हा नियम फार कडक होता. स्टेपमध्ये खान फक्त चंगेजच्या रक्ताचा. तैमूरलाही हीच अडचण होती. तो बरलास नावाच्या सरदार घराण्यातला, समरकंदच्या दक्षिणेला केश (आजचं शहरिसब्ज) म्हणून गाव होतं तिथला. तरुणपणी उजवा पाय आणि उजवा हात जायबंदी झाले (१९४१ मध्ये सोविएत शास्त्रज्ञांनी त्याची कबर उघडली तेव्हा हाडांवर हे स्पष्ट दिसलं). १३७० मध्ये त्यानं मध्य आशियाची सत्ता घेतली, पण किताब घेतला तो फक्त अमीरचा. चंगेजच्या घराण्यातली मुलगी केली, त्या घरचा जावई म्हणून मिरवला, आणि गादीवर एक खरा चंगेजवंशी बसवून ठेवला ज्याला काडीची पॉवर नव्हती. आपल्या महादजी शिंद्यांनी १७७२ मध्ये शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर आणून बसवलं आणि पुढे कारभार स्वतःच्या हातात घेतला, साधारण तसाच प्रकार. आणि तो शाह आलम कोणाचा वंशज? तैमूरचा. असो.

तोख्तामिश मात्र चंगेजवंशीच होता, त्यामुळे त्याला खान व्हायला वंशाची अडचण नव्हती, अडचण होती ती सैन्याची. होर्डच्या पूर्व भागात उरुस खान राज्य करत होता, त्यानं तोख्तामिशच्या बापाला मारलं होतं. तोख्तामिश १३७६ च्या सुमारास पळून समरकंदला आला. तैमूरला हे आयतंच मिळालं. उत्तरेचा शेजारी कायम आपसात भांडत राहावा आणि त्यातला एक जण आपल्या उपकाराखाली असावा, यापेक्षा चांगलं काय? त्यानं तोख्तामिशला मुलासारखं ठेवून घेतलं, सिर दर्याच्या काठची ओत्रार-सौरान वगैरे ठाणी दिली, सैन्य दिलं. तोख्तामिश लढला आणि हरला. परत आला, परत सैन्य मिळालं, परत हरला, या वेळी तर बाण लागलेल्या अंगानं सिर दर्या पोहून कसाबसा जीव वाचवला. उरुस खाननं निरोप पाठवला, यानं माझ्या मुलाला मारलंय, मुकाट्यानं माझ्या ताब्यात द्या. तैमूरनं नकार दिला आणि स्वतः सैन्य घेऊन निघाला. तेवढ्यात १३७७ मध्ये उरुस खान मेला आणि तोख्तामिशचा रस्ता मोकळा झाला.

मग त्याचं नशीब असं काही फळफळलं की विचारू नका. १३८० च्या सप्टेंबरमध्ये मॉस्कोच्या दिमित्रीनं कुलिकोवोच्या मैदानात ममाईला हरवलं, आणि जखमी ममाईला उरलंसुरलं संपवायचं काम तोख्तामिशनं केलं. होर्डचे दोन्ही भाग कित्येक वर्षांनी एका हाताखाली आले. मॉस्कोवाल्यांना वाटलं आता आपण सुटलो, तर १३८२ मध्ये हा स्वतः मॉस्कोवर चालून गेला, बोलणी करतो म्हणून दरवाजे उघडायला लावले आणि शहर जाळलं, कत्तल केली. खंडणी पुन्हा सुरू.

इथे एखादा थांबला असता. पण होर्डच्या प्रत्येक खानाला शंभर वर्षांहून जास्त काळ एक खाज होती, अझरबैजान. कॉकेशस डोंगर ओलांडला की तिथे हिवाळ्यात सुद्धा हिरवीगार कुरणं, आणि तबरीझसारखं श्रीमंत व्यापारी शहर. हे आजोबांनी आमच्या वाट्याला दिलेलं, हुलागूच्या लोकांनी लाटलं, असा त्यांचा दावा. यावरून १२६२ पासून लढाया चालल्या होत्या, त्यातली एक तर याच तेरेक नदीवर, हुलागूचं सैन्य गोठलेल्या नदीवरून परत पळत होतं आणि बर्फ फुटून माणसं बुडाली. तर १३८५ च्या हिवाळ्यात तोख्तामिशनं तबरीझ लुटलं. पुढच्याच वर्षी तैमूरनं तेच तबरीझ स्वतःच्या राज्यात घेतलं. आता दोघांच्या हद्दी एकमेकांना भिडल्या, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावरच तोख्तामिश उलटला.

उपकार विसरला, कृतघ्न निघाला, असं तैमूरच्या दरबारी इतिहासकारांनी पानंच्या पानं लिहिलंय. मला हे फारसं पटत नाही. सरायच्या गादीवर बसलेला माणूस हा खान, आणि समरकंदचा माणूस नुसता अमीर. त्या जगाच्या हिशोबात तोख्तामिश वरच्या दर्जाचा होता, त्यानं आयुष्यभर अमीराचं ऐकावं ही अपेक्षाच त्याच्या सरदारांना अपमानाची वाटली असणार.

१३८७ च्या शेवटी तैमूर दूर दक्षिणेला शिराझमध्ये असताना तोख्तामिशच्या फौजा थेट मध्य आशियात घुसल्या. बुखाऱ्याला वेढा पडला, तैमूरचा एक राजवाडा जाळला. तैमूर इराण सोडून धावत परत आला. तोवर पाहुणे गायब. मग त्यानं राग काढला उर्गेंचवर, तिथल्या राज्यकर्त्यांनी तोख्तामिशला साथ दिली होती म्हणून. १३८८ मध्ये शहर जमीनदोस्त केलं आणि त्या जागी जव पेरले. उर्गेंच म्हणजे तानाहून चीनला जाणाऱ्या त्या रस्त्यावरचं ठाणं, हे मघाशी वाचलंच असेल.

आता १३९१. तैमूरनं ठरवलं की हा येतो, लुटतो आणि गवतात गायब होतो, तर आपणच गवतात शिरायचं. ऐकायला सोपं आहे. पण स्टेपमध्ये बाहेरच्या सैन्याचं काय होतं ते समजून घ्या. समोर शहर नाही, धान्याचं कोठार नाही, वेढा घालायला किल्ला नाही. शत्रू आपली बायकापोरं, कळप, तंबू सगळं गाड्यांवर घालून मागे मागे सरकत राहतो. तुम्ही जितके आत जाल तितके उपाशी होता. पर्शियाचा दरायस त्याच्याही एकोणीसशे वर्षं आधी याच स्टेपमधून असाच हात हलवत परत गेला होता.

तैमूर हिवाळ्यात ताश्कंदहून निघाला तो आजच्या कझाकस्तानातून उत्तरेकडे. एप्रिलच्या शेवटी उलूताऊच्या डोंगरात पोहोचला, तिथे एका दगडावर लेख कोरून घेतला की तुराणचा सुलतान तैमूर तोख्तामिशवर चालून गेला. तो दगड १९३५ मध्ये सापडला, आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज म्युझियममध्ये आहे. लेखात सैन्याचा आकडा लाखांत दिलाय, तो तेवढा मनावर घेऊ नका, दगडावर कोणी आकडा कमी करून लिहीत नाही. तोपर्यंत शिधा संपत आला होता, सैनिकांना पिठाची पातळ पेज मोजून मिळायची. मे महिन्यात त्यानं अख्ख्या सैन्याला शिकारीला लावलं. मंगोल पद्धतीची शिकार, मैलोन् मैल लांब माणसांचं कडं करायचं आणि ते हळूहळू आवळत आणायचं. एवढी हरणं मिळाली म्हणे की लोक फक्त धष्टपुष्ट जनावरं मारून मरतुकडी सोडून देत होते. दुसरी एक नोंद मला भारी आवडते. उत्तरेला इतकं वर गेल्यावर जूनमध्ये रात्रच होईना, संध्याकाळचा उजेड संपायच्या आत पहाट, त्यामुळे रात्रीच्या नमाजाची वेळच येत नाही, मग मौलवींनी ती नमाज माफ केली.

शेवटी १८ जून १३९१ ला, समाराजवळ, कोंदुर्चा नदीपाशी गाठ पडली. पाच महिने चालून. तैमूरनं सैन्याचे नेहमीसारखे तीन किंवा पाच भाग न करता सात केले, मागे तगडी राखीव फौज ठेवली, कारण तोख्तामिशची रांग दोन्ही बाजूंनी त्याच्यापेक्षा लांब होती आणि घेरलं जायची भीती होती. घनघोर लढाई झाली, तोख्तामिशची फळी मोडली, तो पळाला. तैमूरनं व्होल्गाच्या काठी जवळपास महिनाभर जल्लोष केला, लूट एवढी की घोडे-मेंढ्या हाकून नेताना नाकी नऊ आले.

आणि मग तो घरी गेला.

जाणारच होता, तिथे राहून करणार काय? गवत संपलं की पुढे सरकायला हवं, समरकंद दोन हजार किलोमीटर लांब. होर्डमधले काही नाराज सरदार तैमूरच्या बाजूनं आले होते, त्यातला एदिगू हा महत्त्वाचा. आम्ही आमची माणसं गोळा करून आणतो म्हणून ते तैमूरची परवानगी घेऊन गेले आणि त्यातले बहुतेक परत आलेच नाहीत, आपापला गट घेऊन तिकडेच राहिले. तोख्तामिशकडे सराय शाबूत, अस्त्राखान शाबूत, ताना शाबूत, कस्टमचा पैसा चालू. पराभवानंतर दोन वर्षं होत नाहीत तोच, मे १३९३ मध्ये, त्यानं पोलंडचा राजा यागायलो याला पत्र लिहिलं, ते आजही जपून ठेवलेलं आहे. त्यात पराभवाचा दोष तो आपल्याच घरभेद्यांवर टाकतो, त्यांनी तैमूरला बोलावलं म्हणून, आणि लगेच पुढे खंडणीची थकबाकी आणि व्यापाऱ्यांना रस्ता मोकळा ठेवा हा विषय. हरलेल्या माणसाचं पत्र वाटत नाही ते. त्यानं इजिप्तच्या मामलूक सुलतानाशीही बोलणी लावली, आणि १३९४ मध्ये दर्बंदच्या खिंडीतून पुन्हा तैमूरच्या मुलखात घुसला.

या वेळी तैमूर योगायोगानं जवळ होता, कॉकेशसच्या दक्षिणेलाच. त्यानं दूत पाठवला, समजावलं, तोख्तामिश म्हणे आधी विरघळला होता पण सरदारांनी चढवलं आणि उर्मट उत्तर गेलं. मार्च १३९५ मध्ये तैमूर दर्बंद ओलांडून उत्तरेला निघाला.

तेरेक नदी कॉकेशसच्या बर्फातून उतरते आणि आजच्या उत्तर ओसेतिया, चेचन्या, दागिस्तान या भागातून कॅस्पियनला जाते. पाणी थंड, ओढ जबरदस्त, आणि उतार, म्हणजे नदी ओलांडता येईल अशा जागा, ठरावीक ठिकाणीच. तोख्तामिशनं अलीकडच्या उतारावर लाकडाचे अडसर घालून बंदोबस्त केला होता. तैमूर पोहोचल्यावर तो मागे सरकला, आणि मग तीन दिवस दोन्ही सैन्यं नदीच्या दोन काठांनी एकमेकांकडे बघत वरच्या दिशेनं चालत राहिली. तैमूरच्या बाजूच्या इतिहासात असं आहे की तिसऱ्या रात्री त्यानं छावणीतल्या बायकांना शिरस्त्राणं घालून पुरुषांसारखं उभं केलं, शेकोट्या चालू ठेवल्या, आणि स्वतः निवडक घोडेस्वार घेऊन मागच्या उताराकडे दौडत जाऊन नदी ओलांडली. समोरच्या काठावरून बघणाऱ्याला छावणी जागच्या जागी दिसत होती. खरं किती आणि रंगवलेलं किती देव जाणे, पण नदी त्यानं ओलांडली हे नक्की.

पलीकडे गेल्यावर त्यानं छावणीभोवती खंदक खणला, मोठ्या ढालींची भिंत केली, आणि ऑर्डर दिली की रात्री जाळ नको, आवाज नको, कुणी जागा सोडायची नाही. हे स्टेपमधल्या सरदाराचं वागणं नाही, हे वेढे घालून तयार झालेल्या माणसाचं आहे. तैमूरचा जो खरा फायदा होता तो इथे दिसतो. त्याच्याकडे तेच घोडेस्वार होते जे तोख्तामिशकडे, तीच धनुष्यं, पळून जायचं नाटक करून उलटायची तीच युक्ती, पण वर इराण आणि मध्य आशियाच्या शहरांतलं पायदळ, कारागीर, खंदक-ढालींचं तंत्र हे सगळं होतं. १३९१ मध्ये हे सामान घेऊन स्टेपमध्ये खोल जाणं परवडलं नसतं. इथे डोंगराच्या पायथ्याशी, स्वतःच्या मुलखापासून जवळ, ते वापरता आलं.

१५ एप्रिल १३९५. सकाळी तोख्तामिशनं तैमूरच्या डाव्या बाजूवर जोरदार हल्ला चढवला. बाजू दबली. तैमूर स्वतः राखीव तुकड्या घेऊन मदतीला धावला, हल्लेखोर पळाले, तैमूरची माणसं पाठलागाला लागली, आणि तिथेच घात झाला. पळणारे अचानक उलटले. तैमूरच्या भोवतीचे पांगले. ६० च्या आसपास वयाचा, एका पायानं लंगडा, एका हातानं अधू माणूस, त्याचे बाण संपले, भाला मोडला, मग तलवारही तुटली. शेख नूरुद्दीन नावाचा सरदार पन्नासएक जणांना घेऊन घोड्यावरून उतरला आणि त्याच्याभोवती गुडघे टेकून बाण मारत कडं केलं. कुणीतरी शत्रूच्या तीन गाड्या ओढून आणल्या आणि एकमेकांना बांधून आडोसा केला. त्या तीन गाड्यांच्या मागे अख्ख्या आशियाचा पुढचा इतिहास दबा धरून बसला होता असं म्हणायला हरकत नाही, कारण तैमूर तिथे पडला असता तर दिल्ली नाही, अंकारा नाही, आणि त्याच्या वंशातला बाबरही हिंदुस्थानात कशाला आला असता. हळूहळू एकेक तुकडी येऊन जोडली गेली, नातू मुहम्मद सुलतान कुमक घेऊन पोहोचला, आणि पारडं फिरलं.

दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं ते इब्न अरबशाह सांगतो. याला लहानपणी दमास्कसहून समरकंदला पकडून नेलं होतं, त्यामुळे त्याचा तैमूरवर भयंकर राग, तो तैमूरचं कौतुक करायला काही बसलेला नाही. तो म्हणतो की ऐन लढाईच्या तोंडावर तोख्तामिशच्या उजव्या बाजूच्या एका सरदारानं दुसऱ्या सरदाराशी असलेलं वैर उकरून काढलं, त्याला माझ्या ताब्यात द्या, मला सूड घ्यायचाय. तोख्तामिश म्हणाला, बाबा लढाई तरी होऊ दे. तो म्हणाला, आत्ता. नाही म्हटल्यावर आपली अख्खी जमात घेऊन चालता झाला, तो थेट तुर्कांच्या मुलखात. होर्डचं सैन्य म्हणजे शेवटी सरदारांच्या खाजगी फौजांची बेरीज, आणि खानाची हुकमत ज्याला त्याला वाटून द्यायला लूट असेल तोवरच. सलग पराभवांनंतर ती पातळ झाली होती.

तोख्तामिश पळाला, व्होल्गाच्या वरच्या जंगलात. इथपर्यंत गोष्ट १३९१ सारखीच आहे, बरं का. खान पळालाय, सैन्य पांगलंय, लूट हातात. फरक यापुढे आहे. या वेळी तैमूर घरी गेला नाही.

त्यानं उरुस खानाच्या एका मुलाला, कोइरिचाकला, झगा आणि सोन्याचा पट्टा देऊन नवा खान म्हणून व्होल्गापार पाठवला, म्हणजे होर्डमध्ये गादीचे दावेदार दोन झाले. मग पश्चिमेला नीपर नदीपर्यंत तोख्तामिशच्या सरदारांची कुरणं उद्ध्वस्त केली. उन्हाळ्यात रशियन सीमेवरचं येलेत्स लुटलं. मॉस्कोत हाहाकार उडाला, व्लादिमिरहून मेरीमातेची प्रसिद्ध मूर्तिचित्र-प्रतिमा मॉस्कोला आणली, आणि २६ ऑगस्टला तैमूर मागे वळला, रशियात हा चमत्कार म्हणून सांगतात. मला वाटतं मॉस्को तेव्हा लुटण्याइतकं श्रीमंतच नव्हतं. त्याला हवं होतं ते दक्षिणेला होतं. ताना. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी नजराणे घेऊन माणसं पाठवली होती, तैमूर गोड बोलला, आणि शहरात शिरल्यावर मुसलमानांना वेगळं काढून बाकीच्यांना मारलं नाहीतर गुलाम केलं, दुकानं जाळली. मग भर हिवाळ्यात अस्त्राखान. तिथल्या लोकांनी नदीच्या बाजूला बर्फाचे तुकडे रचून वर पाणी ओतून भिंतच बांधली होती, रात्रीत गोठून दगड व्हायची, पण उपयोग झाला नाही. तिथल्या सुभेदाराला गोठलेल्या व्होल्गाच्या बर्फाखाली ढकलून मारलं. आणि शेवटी सराय, जाळून राख. आमचा राजवाडा जाळला होता ना, त्याचा हा बदला, असं दरबारी इतिहासात कारण दिलंय.

आता परत ती यादी बघा. उर्गेंच १३८८ मध्ये गेलं होतं. ताना, अस्त्राखान, सराय १३९५-९६ मध्ये गेले. म्हणजे चीनपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या उत्तरेच्या रस्त्यावरची एकेक दुकानं त्यानं बंद पाडली, आणि जो व्यापार चालायचाच होता तो समरकंद, हेरात, तबरीझमार्गे, म्हणजे त्याच्या गल्ल्यावरून जायला लागला. हे ठरवून केलं की रागाच्या भरात, यावर इतिहासकारांचे दोन तट आहेत. मला ठरवूनच वाटतं, कारण नुसत्या रागाला मे ते फेब्रुवारी एवढा दम नसतो. त्यानं तो मुलूख स्वतःला जोडून घेतला नाही हेही ध्यानात घ्या, सुभेदार नेमला नाही, किल्ला बांधला नाही. त्याला तिथे राज्य करायचंच नव्हतं, दुसऱ्या कुणाला करता येऊ नये एवढंच हवं होतं.

खाली उत्खननात याचा पुरावा मिळतो. सरायच्या कारखान्यांतली रंगीत चकाकीची भांडी, फरशा, शहरी कारागिरीचा जो सगळा थाट होता तो यानंतर उतरणीला लागतो. सरायच्या विटा तर पुढे रशियन लोकांनी उचलून नेल्या आणि अस्त्राखानचा क्रेमलिन, म्हणजे किल्ला, बांधला.

पैसा गेल्यावर खानाला सरदारांना धरून ठेवायला काही उरलंच नाही. खरी सत्ता गेली एदिगूकडे, तोही चंगेजवंशी नाही, तोही बाहुले बसवणारा. तोख्तामिश लिथुआनियाच्या वितौतसकडे गेला, त्याची मोठी फौज घेऊन १२ ऑगस्ट १३९९ ला वोर्स्क्ला नदीवर लढला आणि एदिगूकडून सपाटून मार खाल्ला. मग सैबेरियाकडे भटकंती. जानेवारी १४०५ मध्ये तैमूर चीनवर स्वारीला निघून ओत्रारला थांबला होता तेव्हा तोख्तामिशचा एक जुना माणूस तिथे आला, मालक म्हणतात झालं गेलं विसरा, चुकलो. तैमूर म्हणाला, ठीक आहे, चीनहून आलो की त्याला पुन्हा गादीवर बसवतो. काय डोकं असेल बघा, आता समोर एदिगू होता, म्हणजे पुन्हा तेच जुनं प्यादं कामाचं. पण १८ फेब्रुवारीला तैमूर ओत्रारमध्येच वारला, आणि पुढच्या वर्षी तोख्तामिशला त्याच्याच भाऊबंदांनी मारलं.

तेरेकमुळे रशिया स्वतंत्र झाला असं सरसकट म्हटलं जातं, ते जरा घाईचं आहे. १४०८ मध्ये एदिगूनं मॉस्कोला वेढा घालून पैसे उकळलेच, आणि खंडणीचं जोखड कायमचं उतरायला १४८० उजाडलं. झालं असं की होर्डचे तुकडे पडत गेले, कझान वेगळं, अस्त्राखान वेगळं, क्रिमिया वेगळं, एदिगूच्या वंशजांचे नोगाई वेगळे, आणि मॉस्कोला एकेकाशी सवडीनं निपटता आलं, कझान १५५२ मध्ये घेतलं, अस्त्राखान १५५६ मध्ये. टिकला तो फक्त क्रिमियाचा तुकडा, थेट १७८३ पर्यंत. त्यांच्या पाठीशी ऑटोमन सुलतान होता, आणि काफाचा बाजार चालू होता, जिथे ते रशिया-युक्रेनमधून पकडून आणलेली माणसं विकून पैसा करायचे.